मांजराच्या पेटीचा सिनेमा

जेवणं उरकली, बडीशेप फिरली आणि राहीआत्यानं पाय पसरले, तेव्हाच दमयंतीनं ओळखलं की आता मांजराची गोष्ट निघणार. शिरगावच्या या घरात बारसं असो, साखरपुडा असो, जेवल्यावर ती गोष्ट निघाल्याशिवाय कुणाच्या घशाखाली अन्न उतरत नसे. आज तर अण्णा आणि दमयंतीच्या लग्नाला चाळीस वर्षं झालेली. ती न निघती तरच नवल.

"तर हा आमचा अण्णा," अण्णांची ही थोरली बहीण सांगू लागली, "दुसरी पाळी करून रातचा गिरणीतना आला. बघतो तर बायको मागं विहिरीवर, याच्या आंघोळीचं पाणी काढायला, नि घरात पेटी खुडबुड करते. हिच्या माहेरची ती मोठी पेटी गो, दोन माणसं झोपतील एवढी. झालं! हा म्हणतो, आत माणूसच हाय. साचेखात्यातला तो मास्तर हिच्याशी हसून बोलायचा ना, म्हणजे तोच असनार! घेतला कोयता, उडवली कडी..."

"आणि आतून मांजर!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

"मांजर ते थेट याच्या डोक्यावर! हा पुढं, मांजर वर, नि आख्खी आळी मागं."

अण्णा नेहमीसारखे कसनुसं हसले. दमयंतीही हसली. इतकी वर्षं ती या ठिकाणी हसत आली होती, त्यामुळे हसू आपोआप यायचं.

गोष्ट इथं संपायची, कारण पुढचं राहीआत्याला ठाऊक नव्हतं. आळीतली माणसं हसून हसून घरी गेली. मग अण्णांनी दार लावून घेतलं आणि दमयंतीच्या डाव्या कानाखाली अशी एक ठेवून दिली, की त्या कानात पुन्हा कधी आवाज शिरला नाही. डॉक्टरला सांगितलं, गिरणीमुळे झालं. ते खपूनही गेलं, कारण तारापूरच्या त्या कापडगिरणीत कान शाबूत ठेवून म्हातारं झालेलं कोणी नव्हतं. पुढे उजवा कानही गिरणीनं अर्धा नेला आणि मग तर डाव्याची चौकशी करायचं कुणाला कारणच उरलं नाही. ती चपराक दोघांतच राहिली होती. निदान दमयंतीला तसं वाटत होतं.

"चला, आता खरं मांजर दाखवते!" पूर्वी उठली. ही मेघालीची, म्हणजे दमयंतीच्या लेकीची मुलगी. वसईला कॉलेजात सिनेमाचं काहीतरी शिकत होती आणि गेले काही महिने तिला शंभर वर्षांपूर्वीच्या मुक्या विनोदी सिनेमांचं वेड लागलं होतं. गेल्या रविवारी आजीआजोबांना पालघरला मेघालीच्या घरी धाडून तिनं याच घरात मामालोकांना धरून तसला एक सिनेमा काढला होता. आजची भेट म्हणजे तोच.

"मोबाइलवर बघू की कवातरी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी प्रोजेक्टर भाड्यानं आणलाय!"

हर्षित, धाकटा मुलगा, भिंतीवर चादर ठोकू लागला. मेघालीनं खिडक्या लावल्या. बाहेर वाडीत चिकूवर ऊन रणरणत होतं आणि आत क्षणात तिन्हीसांज झाली. थोरला नीलेश खुर्ची पुढे ओढून बसला. त्याची बायको समिधा स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर टेकली. दमयंतीनं तिला हाक मारली, "समिधा, इथं ये, पंख्याखाली." समिधा हलली नाही. नीलेशनं मागे वळून तिला खूण केली, तेव्हा कुठे ती उठून आली.

"त्या सिनेमांत काय असायचं गो?" राहीआत्यानं विचारलं.

"सगळ्यांत एकच, आत्याआजी. नवऱ्याला संशय येतो, बायको खोड्या काढते, पेटीत नाहीतर कपाटात भलताच कोणीतरी सापडतो आणि शेवटी सगळे एकमेकांना बडवतात. लोक पोट धरून हसायचे."

"बडवतात?" दमयंतीनं विचारलं.

"खोटं खोटं गं, आजी."

चादरीवर पांढरी पाटी उमटली: 'संशयराव आणि त्यांची पेटी'. पूर्वीनं फोनवर हार्मोनियमची धून लावली. बोलणं मुळातच नव्हतं. नट काय वाटेल ते बडबडायचे आणि तिनं त्यांचा आवाज काढूनच टाकला होता.

सिनेमा झकास जमला होता, हे कबूल करायला हवं. कोळशासारख्या मिश्या चिकटवलेला नीलेश संशयराव झाला होता. तो दाराच्या फटीतून बघायचा, माठामागून बघायचा, केळीच्या पानाआडून बघायचा. समिधा त्याची बायको. तिनं त्याच्या चहात मीठ घातलं, त्याच्या धोतराचा सोगा खुंटीला बांधला. हर्षित दूधवाला होऊन पेटीत लपला आणि झाकण उचलून डोळे फिरवू लागला, तेव्हा राहीआत्याला ठसका लागला. नीलेशला भूमिका का दिली ते सगळ्यांनाच माहीत होतं. लग्नाला चौथं वर्ष, तरी हा समिधाला कंपनीच्या गेटवर सोडायला जातो आणि पाळी जुळली की न्यायलाही जातो, यावर घरात भरपूर चेष्टा व्हायची. अण्णांचं रक्त आहे, म्हणायचे.

मग तो प्रसंग आला. संशयराव बायकोचा दंड धरून तिला जाब विचारतो. चित्र आतापर्यंत भरभर पळत होतं, पण नीलेशचे वटारलेले डोळे फारच भारी आले म्हणून पूर्वीनं इथं ते संथ करून जवळ आणलं होतं. समिधा सुपात पाखडल्यासारखी हलत होती आणि हसत होती. हॉलमध्ये हशा पिकला.

दमयंतीचं हसू मात्र तोंडातच राहिलं.

गिरणीत साचे, म्हणजे माग, सुरू झाले की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे. ती सुताच्या कांड्या भरायची, अण्णा साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम. तिथं सगळे ओठांवर बोलायचे आणि ओठांवरून ऐकायचे. त्या दोघांचं लग्नाआधीचं सगळं बोलणं असंच, एक अक्षरही कानावर न पडता झालं होतं. पुढे ऐकू कमी येऊ लागल्यावर तिचं त्यावरच भागलं. मुलांना वाटायचं, आई कानातल्या मशीनवर ऐकते.

पडद्यावर नीलेश बोलत होता, 'हस. कॅमेऱ्याकडे बघून हस.' मिश्यांनी त्याचा वरचा ओठ झाकला होता, पण खालच्यावर दमयंतीचं काम होत होतं. 'काल पण त्या साहेबाच्या गाडीतून आलीस ना? सरावलीच्या नाक्यावर उतरलीस. बघितलंय लोकांनी.'

समिधा हसऱ्या तोंडानं म्हणत होती, 'बस चुकली होती. सोडा, दुखतंय.'

'घरी चल, मग बघतो.' आणि यापुढे नीलेशनं आणखी एक वाक्य उच्चारलं. ते दमयंतीनं स्पष्ट वाचलं आणि लगेच, आपण ते वाचलंच नाही, असं स्वतःला बजावलं. 

तिनं अण्णांकडे पाहिलं. घरात ओठ वाचणारं दुसरं माणूस तेच. सगळे पडद्याकडे बघून खिदळत होते आणि अण्णा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याचं नख खरवडत होते.

सिनेमा संपला, टाळ्या झाल्या. "चहा टाकते," म्हणत समिधा आत गेली. दमयंती तिच्या मागोमाग उठली.

समिधा गॅसपाशी पाठमोरी उभी होती. दमयंती तिच्या डाव्या बाजूला जाऊन थांबली आणि हळू म्हणाली, "समिधा." काही नाही. तिनं ओट्यावरचा चमचा घेतला आणि समिधाच्या डाव्या कानाजवळ पातेल्यावर वाजवला. स्वतः तिलाही तो आवाज नीट कळला नाही, पण हॉलमधून मेघालीनं विचारलं, "काय पडलं गं?" समिधानं आवाज शोधत उलट्या, उजव्या बाजूला पाहिलं.

 दमयंतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी अशी दचकली की दूध ओट्यावर सांडलं.

"कान कवापासून?"

"कुठला कान?" समिधा फडकं शोधू लागली. "सर्दी झालीय. दडा बसलाय, आई."

"मी पण गिरणी सांगितली होती."

समिधाचा हात थांबला. तिनं मान वळवून उजवा कान पुढे केला. आपण बरोबर ऐकलं का, याची तिला खात्री करायची होती.

"अण्णा?" तिनं विचारलं.

"मांजराच्या दिवशी."

दूध ओट्यावरून खाली ठिबकत राहिलं. मग समिधा भराभर बोलू लागली. "शूटिंग झालं त्याच रात्री. आधी पण झालंय, पण असं नाय. डॉक्टरकडे जायचं नाय म्हणाले. तिथं विचारतात ना. आई, तुमी बाहेर काय बोलू नका. तुमी बोललात की ते इथं काय नाय करणार. घरी गेल्यावर करतील."

"इथंच राहा आज."

"काय सांगून राहू? उद्या त्यांची पहिली पाळी हाय. चहा झाला की निघायचं म्हणालेत."

"माहेरी?"

"मासवणला? बाबा म्हणतात, जावई व्यसनी नाय, अजून काय पायजे." समिधानं फडकं पिळलं. "नका बोलू, आई. पाया पडते."

दमयंतीनं हो म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. ती मागच्या दारानं वाडीत गेली. अण्णा टाकीपाशी पाय धूत होते. पाय तर केव्हाचे धुऊन झाले होते, तरी नळ सुरूच होता. तिनं जाऊन तो बंद केला.

"तुमी वाचलंत," ती म्हणाली.

"काय वाचलं?"

"अवो, मला मोठ्यानं बोलायला लावू नका. वाचलंत."

"मिशी होती त्याला. कुठं दिसतंय नीट."

"तो मास्तर खात्याच्या त्या टोकाला उभा राहून मला, उद्या कापडाचे तुकडे न्यायला ये, म्हणाला होता. त्यातलं नुसतं 'उद्या ये' तुमाला एवढ्या लांबून दिसलं होतं. मग आज समोरची भिंत दिसली नाय?"

अण्णा चिकूच्या झाडाकडे बघू लागले. म्हातारपणानं त्यांचे खांदे उतरले होते, आवाज मऊ झाला होता. आता ते चिमणीलाही हाकलत नसत. गावात सगळे म्हणत, अण्णांसारखा शांत माणूस नाही. कधीकधी दमयंतीलाही ते खरं वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

"तिचा कान गेलाय," ती म्हणाली. "डावा."

अण्णांनी ओठ हलवले, पण त्यांवर वाचण्यासारखं काही आलं नाही. मग म्हणाले, "मी बोलतो त्याला. एकट्याला घेऊन. आज नको, दमे. आपला दिवस हाय. पोरीनं एवढं हौसेनं केलंय."

"ती आज जाणार त्याच्याबरोबर."

"नवरा-बायकोत होतं असलं. मिटतं पण. आपलं नाय मिटलं?"

"मिटलं?" दमयंतीनं विचारलं. मग एकदम म्हणाली, "त्यानं शेवटी जे सांगितलं तिला..."

"ते मला दिसलं नाय," अण्णा इतक्या घाईनं म्हणाले, की नेमकं तेच त्यांना दिसलं होतं हे तिला कळून चुकलं. ती आत निघून आली.

हॉलमध्ये चहाचे कप फिरत होते आणि सिनेमा पुन्हा बघायचा आग्रह चालला होता. नीलेश घड्याळ बघत म्हणाला, "एकदाच हां, मग आमी निघतो." समिधा त्याच्या मागे, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अण्णा येऊन आपल्या खुर्चीत टेकले.

दमयंतीनं समिधाकडे पाहिलं. बोलू नका, म्हणाली होती. गप्प राहावं तर ती आज त्या घरात जाणार आणि बोलावं तरी तिथंच जाणार. गप्प राहून काय होतं, ते दमयंतीला पुरतं माहीत होतं. बोलून काय होतं, ते या घरात अजून कुणी करूनच पाहिलं नव्हतं.

"पूर्वी," ती म्हणाली, "लाव परत. यावेळी मी बोलते."

"म्हणजे?"

"कोण काय बोललं ते मी सांगते. ती वाजंत्री बंद कर."

पूर्वीनं टाळ्याच पिटल्या. "आजी डबिंग करणार!" समिधाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. नीलेशच्या मात्र काही ध्यानात आलं नाही. आई भांडी घासताना स्वतःशी पुटपुटते, तसलंच काही असेल, असं त्याला वाटलं असावं.

पडद्यावर पेटीचं झाकण उचललं गेलं. दमयंती सपाट, जरा चढ्या आवाजात म्हणाली, "'पूर्वे, आत उंदराच्या लेंड्या हायत गो. लवकर कर, नायतर मी मरतो.'"

 हर्षित ओरडलाच, "आयला! मी हेच बोललो होतो! आई, तुला कसं कळलं?"

शेजारीण झालेली मेघाली कमरेवर हात ठेवून आली. "'माझं पोट दिसतंय का यात? दिसत असेल तर परत घे,'" दमयंती म्हणाली. मेघालीनं तोंडावर पदर घेतला. हर्षित जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. राहीआत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढ्या वर्षांत दमयंतीनं या घराला एवढं हसवलं नव्हतं.

चित्र संथ झालं. नीलेशनं समिधाचा दंड धरला. आणि नीलेशच्या, खुर्चीतल्या खऱ्या नीलेशच्या, आता लक्षात आलं. तो अर्धवट उठला.

"'हस,'" दमयंती म्हणाली. "'कॅमेऱ्याकडे बघून हस. काल पण त्या साहेबाच्या गाडीतून आलीस ना? सरावलीच्या नाक्यावर उतरलीस. बघितलंय लोकांनी.'"

हर्षितचं हसणं आधी थांबलं, मग मेघालीचं.

"'बस चुकली होती. सोडा, दुखतंय.' 'घरी चल, मग बघतो.'" दमयंती इथं थांबली. पडद्यावर नीलेशचे ओठ अजून हलत होते. ती पुढे बोलली नाही.

राहीआत्या एकटीच हसत राहिली होती. तिला काही कळलं नव्हतं. तीही हळूहळू थांबली. पूर्वीनं घाबरून बटण दाबलं, तसा तोच चेहरा चादरीवर गोठून राहिला.

"आई, काय चाललंय?" नीलेश म्हणाला. "काय पण बोलते. मशीन बिघडलंय तुझं."

"माझं तर बरोबर बोलली ती, दादा," हर्षित म्हणाला. "लेंड्यांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

"तू गप बस."

मेघालीनं आईचा हात दाबला. "आई, चारचौघांत कशाला..." मग भावाकडे वळली, "नील्या, खरं हाय का हे?"

"समिधाला विचार ना. काय गं? सांग."

समिधानं पिशवीचे बंद मुठीत धरले होते. "गंमत होती," ती म्हणाली. "सीनसाठी."

"बघ!" राहीआत्याला हायसं वाटलं. "तीच सांगते. दमयंती, सणासुदीचा इषय कशाला वाढवतेस गो? पोरं निघालीत, सुखानं जाऊ दे."

मेघालीचा हात सैल झाला. तिनं तो काढून घेतला, हे दमयंतीला जाणवलं. "आई, ती स्वतःच नाही म्हणतेय," मेघाली समजूत घालायच्या सुरात म्हणाली. हर्षितनं मान फिरवली. घर पुन्हा जागच्या जागी बसत चाललं होतं. खिडक्या उघडायच्या, हसायचं आणि मोटारसायकल गेटापर्यंत पोचवायची, एवढंच उरलं होतं.

नीलेशला जोर चढला. तेवढ्यावर थांबता तर कदाचित निभावूनही गेलं असतं. पण त्याला आईला खोटं पाडायचं होतं. "अण्णांना पण येतं की ओठांवरचं. अण्णा, तुमीच सांगा यांना. मी असं काय बोललो?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. दमयंतीनं पाहिलं नाही. उत्तर तिला टाकीपाशीच मिळालं होतं.

अण्णा बराच वेळ चादरीवरच्या त्या मिश्यावाल्या चेहऱ्याकडे बघत बसले. "पूर्वी," ते म्हणाले, "जरा मागं घे."

पूर्वीनं घेतलं. मुकं चित्र पुन्हा सरकलं. दंड, डोळे, हसणारी समिधा. अण्णा खुर्चीतून पुढे वाकले होते.

"हिनं बरोबर सांगितलं," ते म्हणाले. "पण एक वाक्य गाळलं."

"अवो," दमयंती म्हणाली. आपण त्यांना का अडवतोय, तिचं तिलाच कळलं नाही. सवय, दुसरं काय.

"'अण्णांनी आईचा एक कान घालवला,'" अण्णा एकेक शब्द वाचत गेले, "'तेव्हापासनं कशी गप असते. तुझा पण घालवतो.'"

 बाहेर वाडीत नारळाची एक झावळी पडली, त्या आवाजानं फक्त पूर्वी दचकली.

"गिरणीनं नाय गेला," अण्णा म्हणाले. "मी मारला होता. मांजराच्या दिवशी. हा तवा सात वर्षांचा असंल. झोपलाय म्हणून समजत होतो."

राहीआत्यानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मेघाली आईच्या डाव्या कानाकडे टक लावून बघत होती. लहानपणापासून ती त्या कानाशी खेळली होती, त्यात फुलं घातली होती. दमयंतीला वाटलं होतं, हे कधी कुणी बोललंच तर आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. सगळ्यांसमोर अंगावरचं वस्त्र ओढल्यासारखं झालं. शिवाय राग आला, कारण ते तिच्यासाठी कधी बोलले नव्हते.

"मग?" नीलेशचा आवाज चिरकला. "मग मला काय शिकवताय? तुमी केलं तवा सगळे हसलात. तवापासनं हसताय! प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात! मी पेटीमागं होतो, मला सगळं दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली नि हसली. आईपण हसली." त्यानं कोपऱ्यातली दोन्ही हेल्मेट उचलली, एक समिधाच्या पुढ्यात धरलं. "चल. उशीर होतोय."

समिधा उठली. तिनं हेल्मेट घेतलं. हर्षित पुढे झाला, पण काय करावं ते न कळून तिथंच थांबला. दमयंती दारात जाऊन उभी राहिली.

"आई, बाजूला हो."

"नाय होणार."

"आई," या वेळी समिधा बोलली. ती अगदी समोर येऊन थांबली. एक कान इकडे बंद, एक तिकडे. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. "तुमी का राहिलात?"

आरोप नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, कारण त्यावर तिला आता, इथं, काहीतरी ठरवायचं होतं. दमयंतीनं खोटं शोधून पाहिलं. माहेरी कुणी नव्हतं, हातात पैसा नव्हता, लोक काय म्हणतील, असलं बरंच हाताशी होतं आणि त्यात थोडंथोडं खरंही होतं. पण त्या रात्री कानातून पाणी गळत असताना, बांधलेलं गाठोडं तिनं ज्याच्यासाठी पुन्हा सोडलं होतं, ते कारण एकच होतं.

"नीलेश लहान होता," ती म्हणाली. "म्हटलं, पोराला बाप पायजे. बापाकडनं शिकतं पोर."

 अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नीलेश दारातल्या आईकडे बघत राहिला. रागानं ताठ झालेला त्याचा चेहरा एकाएकी सुटला, आणि मिश्या नसतानाही तो सात वर्षांचा दिसला नाही, चांगला थोराड, अण्णांसारखा दिसला.

समिधा हातातल्या हेल्मेटकडे बघत होती. मग ती चार पावलं मागे गेली आणि तिनं ते नीलेशच्या हातात परत दिलं.

"हे घेऊन जा तुमी," ती म्हणाली.